आधी आपल्या तोंडात

डॉ. शंकरराव उगारे यांनी मला दिलेलं प्रमाणपत्र प्लास्टरचं आहे. त्यावर शिक्का नाही, तारीख नाही आणि संस्थेचं नाव नाही, कारण संस्थाच नव्हती. तो माझ्या स्वतःच्या दातांचा ठसा आहे. वर्षभर दर रविवारी त्यांच्याकडे कवळ्या करायला शिकल्यावर मी भीत भीत विचारलं होतं, "सर, काही लेखी मिळेल का?" त्यांनी मला खुर्चीत बसवलं, माझ्या तोंडात मापाचा ट्रे कोंबला आणि संध्याकाळी तो पांढरा जबडा माझ्या हातात ठेवून म्हणाले, "घे. ह्येची नक्कल कुणाला करता येत न्हाय. आन् वाचायला इंग्रजीबी लागत न्हाय."

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी मुंबईहून दंतवैद्यकाची पदवी घेऊन नुकताच कोल्हापुरात परतलो होतो. पदवीबरोबर थोडी घमेंडही आणली होती. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की कवळी नीट बसली की नाही हे पाहायला पेशंटला सफरचंदाची फोड चावायला द्यावी. कोल्हापुरात त्या काळी सफरचंद फक्त आजारी माणसाच्या उशाशी दिसायचं, आणि तेही बघायला आलेले पाहुणेच खाऊन जायचे. इथल्या म्हाताऱ्यांना खायच्या होत्या भाजक्या शेंगा, शिळी भाकरी आणि हुरडा. पुस्तकात यांतलं काही नव्हतं. ते शिकायचं तर लक्ष्मीपुरीत दोरखंड आणि बादल्यांच्या एका दुकानावरचा जिना चढावा लागे. वर पाटी होती : 'दात काढणे व बसविणे'. सर म्हणायचे, "काढणे हे लहान अक्षरात लिवायला पायजे हुतं. पक्कड काय, सुताराकडं बी असती."

रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही पाच-सहा जण जमायचो. कुणी सांगलीचा, कुणी निपाणीचा, कुणी इचलकरंजीचा. सगळे पदवीधर आणि सगळे अडाणी. फी नव्हती. नियम एकच होता, आणि तो फीपेक्षा महाग होता : जे दुसऱ्याच्या तोंडात घालायचं ते आधी आपल्या तोंडात. म्हणजे असं, की नव्या विद्यार्थ्याने आपल्याच टाळूच्या मापाची अक्रिलिकची प्लेट करायची आणि आठ दिवस तोंडात ठेवायची. जेवताना, बोलताना, झोपताना. ती काढून पेशंटशी बोलताना कुणी सापडला तर आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

आमच्यातल्या माळीचे ते आठ दिवस चालू असतानाच त्याला मुलगी बघायला पेठ वडगावला जायचं ठरलं. माळीने हातापाया पडून पाहिलं. "सर, तासाभरापुरती काढतो."

"का? तुझ्या पेशंटाला काय लगीन-मुंज नसतीया? त्यो कवळी खिशात घालून मांडवात जातोय व्हय?"

माळी गेला. पोह्यांचा पहिला घास टाळूवरच्या प्लेटखाली गेला आणि तिथेच राहिला. मुलीच्या वडिलांनी विचारलेल्या प्रश्नांना तो मान हलवून उत्तरं देत होता. जिथे मान पुरेना तिथे 'हं' म्हणत होता. घरी येऊन त्याने अंथरूण धरलं. तिसऱ्या दिवशी होकार आला. मुलीच्या आईने मध्यस्थाला सांगितलं होतं, "मुलगा डॉक्टर असून कमी बोलतो. असं स्थळ पुन्हा मिळायचं नाही." लग्नात सर पुढच्या रांगेत बसले होते. आहेर म्हणून त्यांनी काय दिलं ते आठवत नाही, पण नवरीचा खालचा जबडा फार छान आहे असं त्यांनी माळीच्या वडिलांना सांगितलं, हे आठवतं.

तो त्यांचा दोषच होता. त्यांना माणसांचे चेहरे आठवत नसत, दात आठवत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की सर नुसते बघत राहत, तो हसला की म्हणत, "हां हां! वरचा डावा सुळा आत गेलेला. काय म्हणतंय बेळगाव?" त्यामुळे न हसणाऱ्या माणसांशी त्यांची कधी ओळख झाली नाही. बुटका, रुंद देह, पांढरी पँट, पांढरा हाफशर्ट, अंगाला कायम मेणाचा वास, आणि वय साठीच्या घरात असूनही दोन्ही ओळी सावळ्या, थोड्या झिजलेल्या, बत्तिशी शाबूत. आम्ही आपसांत म्हणायचो, दात बघावेत तर सरांचे.

चांगले दात म्हणजे पांढरे दात, हे त्यांना मान्य नव्हतं. एक निवृत्त अधिकारी कवळी करून घ्यायला आले. नोकरी संपली तरी साहेबी संपली नव्हती. शिपाई नसल्यामुळे स्वतःची छत्री ते स्वतःच स्वतःच्या हातात देत. त्यांना दात हवे होते एकसारखे, शुभ्र, परेडला उभे केल्यासारखे. सरांनी त्यांच्या थोरल्या मुलाला बोलावून त्याचे दात पाहिले आणि तशीच किंचित तिरकी, किंचित पिवळट ओळ मेणात बसवली. साहेब भडकले. "डॉक्टर, मी दात विकत घेतोय, वारसाहक्कानं नाही."

"बरं," सर म्हणाले. आणि खरंच साहेबांच्या मनासारखी एक कवळी करून दिली. तिरकी ओळ मात्र मोडली नाही. शेल्फावर ठेवून दिली. दुसऱ्याच दिवशी साहेब आले, ते पत्नीला घेऊन. बाई पदर तोंडाला लावून दारातच थांबल्या. त्यांनी सगळं एका वाक्यात सांगितलं, "काल घरात कुणी परकं माणूस शिरलं म्हणून कुत्रं भुंकलं हो." सरांनी शेल्फावरून मेणातली ओळ काढली.

शिकवताना ते पेशंटला एकसष्टपासून सत्तरपर्यंत मोजायला लावत. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. त्या 'सष्ट'मध्ये जर शिट्टी वाजली तर पुढचे दात चुकले, टकटक आवाज आला तर उंची चुकली, थुंकी उडाली तर सगळंच चुकलं. आम्ही कॉलेजात जे वाचलं नाही ते त्या दहा आकड्यांत होतं.

अशा माणसाच्या हातून एकच जबडा सुटत होता. तो म्हादबा तात्यांचा.

तात्या गडमुडशिंगीचे. गुळाच्या सौद्यात एका अडत्याकडे ते बोली पुकारत. ज्यांनी गुळाचा सौदा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो : गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, रास मांडलेली असते, भोवती व्यापारी, मागे ज्याचा गूळ आहे तो शेतकरी, आणि मध्ये उभा राहून एक माणूस बोली चढवत नेतो. त्याच्या आवाजावर रास रेंगाळते किंवा उडते. तात्यांचा आवाज असा होता की शेतकरी म्हणायचे, आमच्या गुळाला तात्यानं तोंड लावलं की गोडी वाढती. तीस वर्षं ते पुकारत होते. साठीला येईपर्यंत खालचे सगळे दात गेले, आणि दात गेल्यावर खालचं हाडही झिजत गेलं. कवळीला बसायला जसा मातीचा बांध लागतो तसा हिरडीचा उंचवटा लागतो. तात्यांच्या खालच्या जबड्यात बांध राहिलाच नव्हता. नुसतं सपाट रान.

सरांनी त्यांना पहिली खालची कवळी करून दिली. दवाखान्यात एकसष्ट ते सत्तर निर्धोक पार पडलं. चार दिवसांनी तात्या कवळी रुमालात बांधून परत आले.

"काय झालं?"

"काय हुयाचंय! तोंड वर करून बोली मारली आन् दात गेलं की हो गुळात! व्यापारी म्हणतंय, तात्या, ह्यो रवा दाताचा का बिनदाताचा?"

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. दुसरी कवळी केली, तिसरी केली. प्रत्येक वेळी खुर्चीत बसायची आणि सौद्यात उडायची. तेव्हा एका सकाळी सर आम्हा सगळ्यांना घेऊन मार्केट यार्डात गेले आणि तासभर तात्यांच्या शेजारी उभे राहिले. तात्यांकडे कवळी नव्हती, ते बोळक्या तोंडानेच पुकारत होते. शब्द पिठासारखे सांडत होते. सर खाली वाकून, वर मान करून, त्यांचा जबडा पाहत होते. येताना म्हणाले, "आपण गाढव हाय. ह्यो माणूस बोलत न्हाय, आरडतोय. आपण बोलत्या तोंडाचं माप घेतलं. आरडत्या तोंडाचं घ्याला पायजे."

पुढच्या रविवारी तात्यांच्या तोंडात मऊ मापाचा ट्रे घालून सरांनी त्यांना खुर्चीत उभं केलं. हो, उभं. "मारा बोली!"

ट्रे तोंडात असताना तात्यांनी जी बोली मारली ती मी जन्मात विसरणार नाही. तिच्यात एकही व्यंजन नव्हतं. खालचा दोरखंडवाला काठी घेऊन वर आला. त्याला वाटलं कुणाचा तरी दात भुलीशिवाय काढताहेत. त्याच्यामागे आणखी सात-आठ जण. सर ओरडत होते, "अजून वर! व्यापारी लांब हाय!" आणि तात्या खरोखरच लांबच्या व्यापाऱ्याला पुकारत होते. हे माप अप्रतिम निघालं. चौथी कवळी त्याच्यावरून केली. ती तीन आठवडे टिकली. मग हाड आणखी झिजलं.

हे असं पुढची बरीच वर्षं चाललं. ऐंशीचं दशक निम्मं सरलं तेव्हा तात्यांची सातवी कवळी चालू होती. म्हणजे चालू नव्हती. अडत्या चांगला माणूस होता, पण धंदा होता. दिवाळीच्या पाडव्याला नव्या गुळाच्या मुहूर्ताचा सौदा होतो. त्या वर्षीच्या मुहूर्ताला तात्यांची बोली व्यापाऱ्यांना समजेना, दोनदा घोटाळा झाला. अडत्याने सांगितलं, "तात्या, हा हंगाम तुम्ही बसून घ्या. माझा पुतण्या पुकारील. पुढच्या पाडव्याला दात बसलं तर बोली तुमचीच. न्हाय बसलं तर मात्र..." तात्या तडक दवाखान्यात येऊन सरांना म्हणाले, "डॉक्टर, घरात बसलो तर मी मरीन असं न्हाय. पण मग म्हादबा कोण, ह्ये कुणाला कळायचं न्हाय."

त्याच हिवाळ्यात जिल्ह्यातल्या दंतवैद्यांची एक परिषद झाली. हॉटेलचा हॉल, झेंडूच्या माळा, दीपप्रज्वलन. पंख्यामुळे ज्योत टिकत नव्हती आणि पंखा बंद केला तर पाहुणे टिकत नव्हते. स्वागत, प्रास्ताविक, परिचय, परिचयकर्त्याचा परिचय. शेवटी परदेशातून शिकून आलेले एक मोठे डॉक्टर इम्प्लांटवर बोलायला उभे राहिले. जबड्याच्या हाडात धातूची खुंटी बसवायची, वर हिरडी शिवून टाकायची, तीन-चार महिने हाडाला ती धरू द्यायची, आणि मग तिच्यावर दात बसवायचा किंवा कवळी बटणासारखी अडकवायची. त्यांनी पडद्यावर जबड्याचा एक्सरे दाखवला आणि दहा मिनिटं त्यावर बोलले. हॉलमध्ये सत्तर दंतवैद्य वह्यांत लिहून घेत होते. अध्यक्षांच्या खुर्चीतून सर म्हणाले, "पाव्हणं, स्लाइड उलटी लागलीया. तुमी डावं म्हणून उजवं दाखवालायसा." सत्तर जणांपैकी एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी वह्यांत डावं खोडून उजवं केलं.

त्यामुळे सर रंगात आले असावेत. अध्यक्षीय भाषणात त्यांनी सांगून टाकलं, "मी चाळीस वर्सं कवळ्या करतोय. माणसाचा जबडा म्हंजे गुरांचा गोठा न्हाय, खुंट्या ठोकायला!" हॉल टाळ्यांनी दणाणला. शाल, श्रीफळ, फोटो.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या सुमन चौगुलेने टाळ्या वाजवल्या नाहीत. सुमन आमच्याच रविवारातली. प्लेट तोंडात ठेवून आठ दिवसांऐवजी सोळा दिवस राहिलेली एकमेव विद्यार्थिनी, कारण तिच्या मते पहिल्या आठवड्यात काहीच कळलं नव्हतं. राजारामपुरीत तिचा दवाखाना होता. मध्यंतरी सहा महिने मुंबईला राहून ती हीच खुंट्यांची विद्या शिकून आली होती. शिकवणारा शेजारी उभा असताना दोन पेशंटही केले होते. सरांना तिने हे सांगितलं नव्हतं. हार गळ्यात असलेल्या सरांसमोर ती उभी राहिली.

"सर, भाषण छान झालं."

"झालं न्हवं?"

"हो. फक्त एक विचारायचं होतं. जबडा म्हणजे गोठा नाही, हे खरं. पण तात्यांची गाय इतकी वर्षं बाहेर उभी आहे. ती बांधायची कुठल्या खुंटीला?"

सरांनी हार काढून माझ्या हातात दिला आणि आणखी फोटोंसाठी न थांबता जिना उतरले.

चार दिवसांनी सुमनने मला फोन केला. "सर आलेत. बाहेर बाकावर बसलेत. नंबर लावलाय त्यांनी, आठवा. आत या म्हटलं तर येत नाहीत." आठवा नंबर लागल्यावर सर आत गेले, पेशंटच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "शिकीव."

वय वर्षं त्र्याहत्तर. त्यानंतरचे रविवार उलटे झाले. शिकवणारी सुमन, आणि पहिल्या बाकावर वही घेऊन सर. प्रश्न विचारून त्यांनी तिला नको नको केलं. सरावाला हाडं हवीत म्हणून ते स्वतः मटणाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "डॉक्टर, मटण नगं, आन् नुस्ता जबडा? कुणाला सांगू नगासा, लोक म्हणतील डॉक्टरचं चालंना." बोकडांचे जबडे टेबलावर मांडून आम्ही भोकं पाडायला शिकलो. हाड तापू द्यायचं नाही, पाण्याची धार थांबू द्यायची नाही, जोर करायचा नाही. सुमन दर दोन मिनिटांनी म्हणायची, "सर, जोर." आणि चाळीस वर्षं लोकांना 'हात हलका ठेव' म्हणून बोलणी देणारा माणूस म्हणायचा, "व्हय गं व्हय." एकदा तिने त्यांचं काम पाहून नुसतंच 'हं' केलं. सर आठवडाभर खूष होते.

खरी भीती दुसरीच होती. खालच्या ओठाला जाणीव देणारी नस हनुवटीच्या दोन्ही बाजूंना हाडातून बाहेर पडते. खुंटी तिच्या फार जवळ गेली तर ओठ बधिर होतो, कधी कधी कायमचा. बोकडाला विचारता येत नाही. आणि तात्यांचा खालचा ओठ म्हणजे त्यांची जन्मभराची बोली. सुमन म्हणाली, "माझे दोन पेशंट झालेत, पण तेव्हा चुकलं तर सांगणारा शेजारी होता. तात्यांच्या आधी मला एकदा तरी एकटीनं करायला हवं."

"मग माझं कर की."

माळी म्हणाला, "सर, तुम्हाला कशाला? तुमचे दात तर..."

सरांनी तोंडात बोट घातलं आणि खालची कवळी काढून टेबलावर ठेवली. मग वरची. सावळ्या, थोड्या झिजलेल्या, बत्तिशी शाबूत अशा त्या दोन ओळी बोकडांच्या जबड्यांशेजारी पडल्या होत्या. पंधरा वर्षं सहा-सात दंतवैद्य दर रविवारी त्या तोंडाकडे पाहत होते आणि एकालाही शंका आली नव्हती. सर बोळक्या तोंडाने काहीतरी म्हणाले. पुन्हा कवळ्या बसवून त्यांनी ते भाषांतर करून सांगितलं, "काय बघालायसा? नियम कुणाचा हाय?"

सुमन ऐकेना. तुमची कवळी उत्तम बसते, तुम्हाला गरज नाही, उगाच कुणाच्या हाडात भोक पाडायचं नसतं, असं तिने स्पष्ट सांगितलं. सर म्हणाले, "माझा ओठ गेला तर काय जातंय? मला कुठं बोली मारायचीया? आन् बायको म्हणल, बरं झालं." ते बरंच काही म्हणाले, पण शेवटी आवाज खाली आणून म्हणाले ते एवढंच, "सात येळा म्या त्येला सांगितलंय, तात्या, ह्या खेपंला बसंल. आठव्यांदा सांगायचं झालं तर मला ठावं पायजे."

फेब्रुवारीत एका सकाळी सुमनच्या दवाखान्यात ते खुर्चीत आडवे झाले. भुलीची सुई देईपर्यंत बोलत होते. मग तोंड उघडं राहिलं आणि बोलता येईना, तेव्हा हातांनी बोलायला लागले. दोन बोटं वर : थोडं पुढे. अंगठा आडवा : सरळ धर. मूठ : थांब, हाड तापतंय. मी दिवा धरून होतो. मला तर ते वाहतूक पोलीस वाटायला लागले. सुमनने यंत्र थांबवलं. "सर, हात खाली." हात खाली गेले. मिनिटाभराने डाव्या हाताचं एक बोट हळूच वर आलं. "सर!" बोट गेलं. मी सरांना पंधरा वर्षं ओळखत होतो. कुणाच्या सांगण्यावरून गप्प बसताना पहिल्यांदा पाहत होतो.

टाके घातले. भूल उतरल्यावर आणि नंतर प्रत्येक तपासणीला सुमन बोटाने त्यांच्या हनुवटीला, ओठाला स्पर्श करून विचारायची, "इथं कळतंय? इथं?" सर डोळे मिटून म्हणायचे, "झ्याक." जूनमध्ये हिरडी उघडून पाहिली. दोन्ही खुंट्या हाडाने घट्ट धरल्या होत्या. सरांनी बोटाने एक हलवून पाहिली, मग दुसरी, आणि सुमनला म्हणाले, "परिषदेत मी काय बोललो ते कुणी छापलं तर न्हाय न्हवं?"

त्याच आठवड्यात तात्यांची पाळी आली. सर हात मागे बांधून उभे होते. बांधले असले तरी मागे बोटं हलत होती. सुरुवात करण्यापूर्वी त्यांनी सुमनला एकच गोष्ट सांगितली. "डाव्या अंगाची खुंटी माझ्यापेक्षा दोन सूत फुडं घे. मधल्या बाजूला."

"का सर? तुमची तर छान बसली."

"माझं तोंड मोठं हाय. त्येचं ल्हान."

तिने मोजून पाहिलं आणि दोन सूत, म्हणजे पाव इंच, पुढे घेतली. मधले चार महिने तात्या रोज देवाला दिवा लावायचे आणि दर शनिवारी सरांना विचारायला यायचे, "धरली असंल न्हवं?" सर म्हणायचे, "माझी धरली. तुमचं हाड माझ्यापरास खाल्लेलं-पिल्लेलं हाय." ऑक्टोबरात हिरडी उघडली. दोन्ही पक्क्या. आठवी कवळी सरांनी स्वतः केली, आरडत्या तोंडाच्या मापाची. दोरखंडवाला या वेळी वर आला नाही, खालूनच ओरडला, "तात्या, जोर कमी पडालाय!" कवळी खुंट्यांवर दाबली तेव्हा बारीक 'टक्' असा आवाज आला. तात्यांनी जिभेने ढकलून पाहिली. बोटाने ओढून पाहिली. मग खुर्चीतून उतरून जिन्यात गेले आणि कुणाला दिसणार नाही असे उभे राहिले.

पाडव्याच्या सकाळी आम्ही मार्केट यार्डात गेलो. सर, सुमन, मी. अडत्याने रव्यांना हार घातले होते, नारळ फोडला. तात्या कोरा फेटा बांधून राशीजवळ उभे राहिले. अडत्याचा पुतण्या दोन पावलं मागे, गरज पडली तर म्हणून. अडत्याच्या माणसाने आम्हाला ग्लासात चहा आणून दिला. तात्यांनी एकदा आमच्या दिशेने पाहिलं, तोंड आभाळाकडे केलं, जबडा पुढे काढला आणि पहिली बोली मारली.

शब्द न् शब्द सुटा ऐकू आला. पलीकडच्या दुकानात कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "म्हादबा आला रं!" लांबच्या व्यापाऱ्यांनी माना वळवल्या. बोली चढायला लागली आणि पुतण्या आणखी दोन पावलं मागे सरला.

मी सरांकडे पाहिलं. ते तात्यांच्या खालच्या ओठावर नजर लावून चहा पीत होते. चहाचा एक ओघळ त्यांच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर आला, तिथून शर्टावर टपकायला लागला. त्यांना पत्ता नव्हता. दुसरा घोट, दुसरा ओघळ. शर्टाच्या त्या जागी जुने, धुऊनही न गेलेले डाग होते.

सुमननेही पाहिलं. दोन सूत पुढे का, हे तिला तेव्हा कळलं. तिचा चेहरा उतरला. तिने पर्समधून रुमाल काढला आणि त्यांची हनुवटी पुसली.

"काय लागलंय व्हय?" सरांनी नजर न वळवता विचारलं.

"चहा, सर."

"हां." मग म्हणाले, "गरम हाय का गं अजून?"

सुमनने ओल्या रुमालाला बोट लावून पाहिलं. "आहे."

"मग बरं. गार चहा काय प्याचा," सर म्हणाले, आणि ग्लास उजव्या कोपऱ्याला लावून पुन्हा तात्यांच्या तोंडाकडे बघायला लागले.